बुडबुडे थांबले म्हणजे बिअर बिघडली का?

मिशिगनमधल्या आमच्या तळघरात डिसेंबरात तापमान १३-१४ अंशांवर येतं. माझी पहिली बिअर मी तिथेच आंबायला ठेवली होती. १९ लिटर मावेल अशी बादली, तिला घट्ट झाकण, आणि झाकणात खोचलेली पाण्याची छोटी नळी, म्हणजे एअरलॉक. आतला वायू त्या पाण्यातून बुडबुडत बाहेर पडतो, बाहेरची हवा मात्र आत येत नाही. तीन दिवस मी सकाळ-संध्याकाळ जिना उतरून त्या नळीसमोर बसत होते. एकही बुडबुडा नाही. चौथ्या दिवशी सगळी बिअर मोरीत ओतली. ओतताना लक्षात आलं, बादलीच्या आतल्या अंगाला तपकिरी फेसाचा जाड पट्टा चिकटलाय. आंबवण व्यवस्थित चालू होती. झाकणाची रबरी रिंग आठवडाभराने स्वयंपाकघरातल्या खणात सापडली.

कुकरला शिट्टी होत नाही म्हणून आत डाळ शिजतच नाही, असं आपल्याकडे कोणी म्हणणार नाही. रिंग सैल आहे, वाफ कडेने जातेय, हे पोरासोरांनाही कळतं. तेच शहाणपण तळघरात उतरताना मी वर ठेवून आले होते.

त्याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हापासून स्वतःच्या पुष्कळ बादल्या आंबवल्या, ओळखीपाळखीच्यांच्या पाहिल्या, या विषयावर लिहिलेलं जमेल तेवढं वाचलं. ‘माझ्या आंबवणीचं काहीतरी बिनसलंय’ या एकाच वाक्यामागे तीन वेगळे प्रकार दडलेले असतात, असं माझं मत झालंय. एकात काहीच बिनसलेलं नसतं, फक्त आपल्याला दिसत नसतं. दुसऱ्यात खरंच बिनसलेलं असतं, पण ते यीस्ट घातलं त्याच दिवशी किंवा त्याच्याही आधी: यीस्ट कमी पडलं, हवा मिळाली नाही, तापमान चुकलं. तिसऱ्यात बाहेरचा जंतू शिरलेला असतो. नवखा माणूस घाबरतो तिसऱ्याला. भेटतो बहुतेक वेळा पहिला. आणि चवीची वाट लावतो तो दुसरा.

जंतूची भीती जुनी आहे आणि तिला इतिहासही भारदस्त आहे. १८५६ च्या सुमारास फ्रान्समधल्या लील शहरात बिटापासून अल्कोहोल करणाऱ्या एका कारखान्यातली पिंपं आंबट निघू लागली, तेव्हा लुई पाश्चर यांनी त्यातले थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरले. चांगल्या पिंपात यीस्टच्या गोल पेशी, बिघडलेल्या पिंपात काड्यांसारखे लांबट जीव. पुढे १८७१ मध्ये लंडनच्या व्हिटब्रेड ब्रूअरीत त्यांनी तिथल्या यीस्टमध्ये मिसळलेले परके जीव दाखवून दिले, आणि १८७६ मध्ये त्यांचा बिअरवरचा ग्रंथ आला. पाश्चर यांच्या हिशेबात शत्रू होता तो जिवाणू. खुद्द यीस्टमध्येही घरचं आणि रानटी असा भेद असतो, हे कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हॅन्सन यांनी सिद्ध केलं. १८८३ मध्ये एका पेशीपासून वाढवलेलं शुद्ध यीस्ट त्यांनी ब्रूअरीला दिलं. मालक याकोब्सेन यांनी ते प्रतिस्पर्ध्यांनाही वाटू दिलं, हा मोठेपणा बिअरच्या इतिहासात फारसा आढळत नाही. त्याआधी शतकानुशतकं बिअर होतच होती, आणि कोण आंबवतंय हे कोणालाच ठाऊक नव्हतं. बव्हेरियातल्या १५१६ च्या प्रसिद्ध फर्मानात जव, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) आणि पाणी एवढ्याचीच नावं आहेत. यीस्टचा त्यात पत्ताच नाही.

घरच्या बिअरचा कायदेशीर इतिहास त्यामानाने कालपरवाचा. ब्रिटनमध्ये १९६३ च्या अर्थसंकल्पात परवान्याची अट गेली. अमेरिकेत जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये सही केलेला कायदा फेब्रुवारी १९७९ पासून लागू झाला. एका प्रौढ माणसाच्या घराला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २००. राज्यांचे कायदे निराळे असल्याने अलाबामा आणि मिसिसिपी यांनी २०१३ पर्यंत वाट पाहायला लावली. चार्ली पपाझियन यांचं १९८४ चं पुस्तक या चळवळीची गाथाच मानतात. पण त्या काळात हाती येणारं यीस्ट बहुधा माल्टच्या डब्याच्या झाकणाखाली चिकटवलेली, किती जुनी कोण जाणे अशी पुडी असे. आजच्या कित्येक भीती आणि कित्येक ‘नियम’ त्या पुडीच्या काळातले आहेत. पुडी बदलली, नियम राहिले.

महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं हा मद्यनिषेध कायद्याखाली गुन्हा आहे. तेव्हा पुढचं सगळं परदेशातल्या मराठी तळघरांसाठी, आणि पुण्या-मुंबईच्या मायक्रोब्रूअरीत बसून ‘हिला लवंगेचा वास का येतो?’ असं विचारणाऱ्या चौकसांसाठी.

ज्यांनी हा खटाटोप पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. मोड आणून वाळवलेले जव, म्हणजे माल्ट, भरडून ६५ अंशांच्या आसपासच्या पाण्यात तासभर ठेवले की पिठाची साखर होते. मोडाच्या नाचणीचं सत्त्व करणाऱ्या घरात हे वेगळं सांगायला नको. तो गोड काढा हॉप्स घालून उकळायचा, निववायचा आणि त्यात यीस्ट सोडायचं. या काढ्याला वर्ट म्हणतात.

यीस्ट सोडल्यावर पहिले सहा ते चोवीस तास वरून काहीच दिसत नाही. आत मात्र ते रिकामं बसलेलं नसतं. वर्टमधला प्राणवायू शोषून घेऊन पेशींच्या आवरणाला लागणारी स्टेरॉल बनवत असतं, वाढायची तयारी करत असतं. हा काळ लांबला तर पहिला संशय संख्येवर घ्यावा. एल प्रकारच्या बिअरसाठी सर्वमान्य हिशेब असा: वर्टच्या प्रत्येक मिलिलिटरला, साखरेच्या प्रत्येक प्लेटो अंशामागे साडेसात लाख पेशी. बारा अंशांचा १९ लिटर वर्ट असेल तर सुमारे १७० अब्ज. लागर थंडीत आंबते, म्हणून तिला याच्या दुप्पट. द्रवरूप यीस्टच्या ताज्या पाकिटात साधारण १०० अब्ज पेशी असतात आणि फ्रीजमध्ये पडल्या पडल्याही त्या महिन्यागणिक मरत जातात. म्हणून जाणती मंडळी दोन दिवस आधी लिटर-दीड लिटर पातळ वर्टमध्ये ते वाढवून घेतात. हे विरजणच. विरजण कमी पडलं तर दही लागत नाही असं नाही, उशिरा लागतं. आणि त्या उशिरात कधीकधी भलतंच काहीतरी लागतं.

कोरड्या यीस्टचं पाकीट अकरा ग्रॅमचं असतं आणि मध्यम ताकदीच्या एका बादलीला ते पुरतं. सुकवण्याआधी कारखान्यातच त्या पेशींना खाऊपिऊ घालून स्टेरॉलचा साठा करून दिलेला असतो, त्यामुळे वर्टमध्ये हवा खेळवायची फारशी गरज राहत नाही. द्रवरूप यीस्टला ती लागते. बादली पाचेक मिनिटं गदगदा हलवली की लिटरमागे आठ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळतो. साध्या हवेने त्यापुढे जाता येत नाही, आणि नेहमीच्या बिअरला तेवढा पुरतो. नवख्यांना सुरुवातीला मी कोरडं यीस्टच घ्यायला सांगते. त्यात प्रतिष्ठा कमी असेल, पण झोप चांगली लागते.

दुसरा संशय तापमानावर. एलचं यीस्ट १८ ते २० अंशांत सुखी असतं; १३ वर ते गोठत नाही, पण पांघरूण ओढून बसतं. दुसऱ्या बादलीच्या वेळी मी आईला फोन करून विचारलं होतं, थंडीत पीठ आंबत नसेल तर काय करावं. कसलं पीठ ते सांगितलं नाही. ती म्हणाली, “ओव्हनचा दिवा लाव आणि आत ठेव गं, तिथून तुझी मावशी तेच शिकून आली.” इडलीच्या पिठाला ते बरोबर आहे. बिअरला चालत नाही. ओव्हनमधली ऊब बिअरच्या यीस्टला भलत्या वाटेला नेते.

इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त बिअर इथेच बिघडते आणि सगळ्यात कमी लक्ष इकडेच जातं. यीस्ट काम करू लागलं की स्वतः उष्णता सोडतं. खोली २० अंशांवर असली तरी ऐन भरात बादलीच्या पोटात २३ ते २५ अंश असू शकतात. आणि बिअरचा बहुतेक वासचव पहिल्या दोन-तीन दिवसांत, याच भरात ठरतो. भिंतीवरचा थर्मामीटर बघून निश्चिंत झालेला माणूस पुढे महिन्याने ‘हिला नेलपॉलिशचा वास का येतो?’ असं विचारतो. तो वास एस्टरचा; त्याच्या जोडीला जड, घसा जाळणारी अल्कोहोल, ज्यांना फ्यूझेल म्हणतात. दोन्ही उष्णतेची लेकरं. एकदा तयार झाली की बाटलीत कितीही जुनी करा, पूर्ण जात नाहीत. उपाय साधा. थर्मामीटरची कांडी बादलीच्या अंगाला चिकटवून वर स्पंजाचा तुकडा बांधायचा, म्हणजे तो खोलीचं नव्हे, बिअरचं तापमान सांगेल. उन्हाळ्यात बादली पाण्याच्या टबात ठेवून भोवती ओला पंचा गुंडाळायचा. माठ गार राहतो त्याच न्यायाने तीही राहते. जोडीला टबात बर्फ केलेल्या बाटल्या. पहिले तीन दिवस गार ठेवा, मग हळूहळू दोन-तीन अंश चढू द्या. बहुतेक लोक नेमकं उलट करतात: सुरू होत नाही म्हणून आधी तापवतात, आणि मग भडका उडाल्यावर धावतात.

आता तो लाखमोलाचा प्रश्न: चांगली चालली होती आणि मधेच थांबली.

बुडबुडे हा पुरावा नव्हे, हे सुरुवातीच्या गोष्टीत आलंच. उलटंही खरं आहे. आंबवण संपून आठवडा झालेल्या बादलीत बाहेर ऊन पडलं किंवा हवेचा दाब उतरला की विरघळलेला वायू सुटतो आणि एअरलॉक पुन्हा गाऊ लागतो. खरा साक्षीदार एकच, हायड्रोमीटर. पाण्याची घनता १.००० धरली तर मध्यम वर्टची १.०५० असते; साखर खपत जाते तशी ती उतरून १.०१० ते १.०१२ वर येऊन ठेपते. दोहोंतल्या फरकाला १३१ ने गुणलं की अल्कोहोलची टक्केवारी मिळते: ०.०४० चा फरक म्हणजे सव्वापाच टक्क्यांच्या आसपास. दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोनदा मोजून आकडा हलला नाही तरच थांबली म्हणायचं.

आणि आकडाही फसवतो. कित्येकजण आता थेंबभर नमुन्यात काम भागतं म्हणून, प्रकाश किती वाकतो यावरून साखर मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर घेतात. यीस्ट घालायच्या आधी तो चोख आहे. पण अल्कोहोल तयार झालं की प्रकाश निराळा वाकतो आणि तो सरळ खोटं बोलतो. १.०५० पासून निघून १.०१२ वर नीट पोचलेली बिअर त्यात सहा ते साडेसहा ब्रिक्स, म्हणजे साखरेचे अंश, दाखवते. तेच सरळ घनतेत बदललं तर १.०२५. ‘माझी बिअर १.०२५ वर अडकलीय’ अशी हाक आली की मी आधी विचारते, कशाने मोजली? निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. सुधारणेचं सूत्र सगळीकडे मिळतं, ते वापरायचं. डब्यातल्या माल्टच्या पाकात वरून गार पाणी ओतून करणाऱ्यांची आणखी एक फसगत होते: पाक जड असल्याने तळाशी बसतो, वरचा नमुना पातळ निघतो, आणि सुरुवातीचा आकडाच चुकतो. मग पुढचा सगळा हिशेब वाहवत जातो.

समजा, मोजमाप बरोबर आहे आणि बिअर १.०२० वरून खरोखरच हलत नाही. तरी यीस्टला दोष द्यायची घाई नको. माल्ट भिजवताना पाणी ६९-७० अंशांवर गेलं असेल, तर पिठाच्या लांब साखळ्यांचे तुकडे यीस्टला खाता येतील इतके लहान होतच नाहीत. ६२ ते ६५ अंशांत काम करणारं बीटा अमायलेज हे एन्झाइम तोवर मेलेलं असतं. अशा वर्टमध्ये उरलेली साखर यीस्टच्या दृष्टीने लाकडाचा भुसा. ती बिअर अडकलेली नाही, संपलेली आहे. माल्टच्या पाकाच्या बाबतीतही १.०२० हा आकडा इतका वारंवार भेटतो की जुन्या मंडळींनी त्याला शापच म्हणून टाकलंय. पाक कारखान्यात कसा बनला यावर आपला ताबा नसतो. खरं काय ते कळायला एक सोपी चाचणी आहे. कपभर बिअर बाटलीत काढायची, तीत चमचाभर ताजं यीस्ट घालायचं, उबेला ठेवून मधूनमधून हलवायची. दोन दिवसांनी तीही १.०२० वरच असेल तर बादलीला त्रास देण्यात अर्थ नाही. बाटल्या भरा, थोडी गोडसर बिअर प्या. ती खाली उतरली तर मात्र बादलीतलं यीस्ट दमलेलं आहे.

दमलेल्या यीस्टला उठवायचा क्रम असा. आधी बादली २०-२२ अंशांवर आणा, गरगर फिरवून तळाचा गाळ वर येऊ द्या. झाकण उघडून ढवळू नका. चार दिवस थांबा. तरी नाही, तर नवीन यीस्ट. पण कोरडं पाकीट तसंच वरून भुरभुरू नका. अल्कोहोल आहे, साखर संपत आलीय, प्राणवायू नाही. अशा घरात झोपेतून उठलेली पेशी तग धरत नाही. वेगळ्या भांड्यात थोड्या वर्टमध्ये ते यीस्ट आंबवून, फेस ऐन भरात आला की तसंच ओतायचं. साखर फोडणारी विकत मिळणारी एन्झाइम घालायचा सल्लाही मिळतो. मी तो देत नाही. ती कुठे थांबतील ते आपल्या हातात राहत नाही, आणि १.००० च्याही खाली गेलेली पाणचट बिअर कोणालाच आवडत नाही.

एक अपवाद ऐकून ठेवा. बेल्जियमच्या ड्युपाँ ब्रूअरीशी नातं सांगणारं, सेझाँ नावाच्या बिअरचं यीस्ट अर्ध्या वाटेवर, १.०३५ च्या आसपास, खुशाल बसकण मारतं. ते रुसलेलं असतं, मेलेलं नाही. तीस अंशांकडे नेलं किंवा दोन-तीन आठवडे नाद सोडला की स्वतःहून उठून १.००५ च्या खाली जातं.

थांबण्यापेक्षा न थांबणं जास्त धोक्याचं, याबद्दल मात्र फार कमी बोललं जातं. बिअर पुरती आंबायच्या आत बाटलीत भरली, तर उरलेली साखर बाटलीत आंबते. घनतेतला दर ०.००१ चा उतार म्हणजे बाटलीत बिअरच्या निम्म्या घनफळाइतका वायू. फेसासाठी आपण मुद्दाम घातलेली साखर, १९ लिटरला ११०-१२० ग्रॅम, सव्वादोन ते अडीच पट वायूच्या हिशेबाने असते. त्यात चार अंक उरलेले असतील तर आणखी दोन पट. साधी काच ते सोसेल याचा भरवसा नाही. फुटलेल्या बाटलीची काच तळघराच्या छतात रुतलेली मी पाहिलीय. सॅकरोमायसीस सेरेव्हिसीचा डायास्टॅटिकस नावाचा एक भाऊबंद तर इतर यीस्टने सोडून दिलेल्या त्या लांब साखळ्याही स्वतःच तोडून खातो, महिनोन्‌महिने. तो यीस्टच्या पुरवठ्यातून आला या आरोपावरून २०१७ मध्ये कोलोरॅडोतल्या एका मोठ्या ब्रूअरीने पुरवठादारावर दावा लावला होता. व्यावसायिकांची ही गत, तर आपण एकच बादली सेझाँला, जिचं यीस्ट बऱ्याचदा याच भाऊबंदांतलं असतं, आणि साध्या एलला आलटून पालटून वापरताना विचार केलेला बरा. फेसाच्या भडक्याचं सांगायचं तर, गव्हाच्या बिअरचं यीस्ट एअरलॉक चोंदवून झाकण उडवू शकतं. पहिले तीन दिवस एअरलॉकच्या जागी जाड नळी बसवून तिचं टोक पाण्याच्या बरणीत सोडावं, म्हणजे भिंती रंगवाव्या लागत नाहीत.

वासांचं प्रकरण मला सगळ्यात आवडतं, कारण त्यात दोष आणि गुण यांच्या जागा सतत बदलतात. बिअरला लोण्याचा, पॉपकॉर्नचा वास आला तर तो डायअसेटिल. ताकावरच्या ताज्या लोण्याला जो हवाहवासा वास येतो, तो बऱ्याच अंशी याच पदार्थाचा. घुसळखांबापाशी त्याचं कौतुक, बादलीत तो गुन्हेगार. लिटरला ०.१ मिलिग्रॅम असला तरी अनेकांना कळतो. यीस्ट वाढताना एक पूर्वपदार्थ बाहेर टाकतं, तो यीस्टच्या मदतीशिवाय हळूहळू डायअसेटिल बनतो, आणि मग तेच यीस्ट तो पुन्हा आत घेऊन बिनवासाचा करून टाकतं. घाई करून बिअर थंड केली किंवा यीस्टवरून काढली, तर शेवटची पायरीच राहून जाते. म्हणून लागर आंबत आली की दोन-तीन दिवस १८ अंशांच्या आसपास ठेवायची पद्धत आहे. खात्री हवी तर कपभर बिअर झाकून ६०-६५ अंशांच्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं ठेवा, गार करा, हुंगा. लोणी आलं तर बादलीतही पुढे येणार आहे, अजून थांबा. कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वासही याच जातीचा, अर्धवट काम सोडल्याचा. त्याचा इलाजही तोच, थांबणं.

केळं आणि लवंग हे जोडपं बव्हेरियाच्या गव्हाच्या बिअरमध्ये हवंच असतं. केळं आयसोअमाइल अॅसिटेटचं, लवंग यीस्टने माल्टमधल्या फेरुलिक आम्लापासून केलेल्या फिनॉलची. तीच लवंग साध्या इंग्लिश एलमध्ये आली तर समजावं, रानटी यीस्ट शिरलंय. लागर आंबताना सडक्या अंड्याचा वास आला तर घाबरू नका; तो गंधक आहे, निघणाऱ्या वायूबरोबर बराचसा निघून जातो. बँडेजचा, दवाखान्याचा वास आला तर यीस्टकडे नव्हे, नळाकडे बघा. पाण्यातलं क्लोरीन आणि फिनॉल यांच्या संयोगाचा तो वास, आणि तो इतक्या कमी प्रमाणात कळतो की बादली ब्लीचने धुऊन नीट विसळली नाही तरी पुरतं. अमेरिकेतल्या पुष्कळ शहरांत आता क्लोरामाइन वापरतात. ते उकळून सहजी जात नाही. मेटाबायसल्फाइटची एक कॅम्डन गोळी सुमारे ७५ लिटर पाण्याला पुरते, म्हणजे आपल्या एका बादलीला अर्धीही खूप झाली. ओल्या पुठ्ठ्याचा वास मात्र आपल्या उताविळीचा. आंबवण संपल्यावर झाकण उघडून पाहायची, ओतायची, ढवळायची जी हौस असते, तिच्यातून हवा आत जाते. सुरुवातीला जो प्राणवायू अमृत, तोच शेवटी विष.

राहिला जंतू. बिअरवर तरंगणारा तपकिरी, बुळबुळीत, ओंगळ फेस हा जंतू नव्हे. ते यीस्ट आणि हॉप्सचा राळेसारखा अंश. यीस्टचे पांढरट ठिपके, तेलकट चकत्या, तेही नव्हे. सुरकुतलेली, कोरडी, सायीसारखी पांढरी पापडी दिसली तर रानटी यीस्ट किंवा जिवाणू आहेत. केसाळ, हिरवी-काळी असेल तर बुरशी. पापडी आलेली बिअर कधीकधी चांगली आंबट निघते, बुरशीची टाकून द्यावी. तयार बिअरमधलं आम्ल, अल्कोहोल आणि हॉप्स यांच्यापुढे आजार करणारे नेहमीचे जंतू टिकत नाहीत, त्यामुळे बिघडलेली बिअर सहसा तोंड वाकडं करते, आजारी पाडत नाही.

मराठी तळघराचा एक खास धोका आहे, आणि तो इंग्रजी पुस्तकांत सापडणार नाही: इडलीचं पीठ. त्याला फुगवणारे ल्यूकोनोस्टॉक आणि लॅक्टोबॅसिलस हे बिअरचे जातिवंत वैरी. हॉप्स त्यांतल्या बऱ्याच जणांना रोखतात, सगळ्यांना नाही. ज्या प्लास्टिकच्या डब्यात पीठ आंबवता त्याच्यात बिअर ठेवू नका, आणि दोन्हींना एक डाव वापरू नका. प्लास्टिकला घासणीचे ओरखडे पडले की जिवाणू त्यात घर करतात, तिथे जंतुनाशकही पोचत नाही. आधी घासणं, मग निर्जंतुक करणं, हा क्रम मोडता येत नाही. खरकट्या भांड्यावर आयोडोफोर ओतणं म्हणजे चिखलावर गंगाजल शिंपडणं. आणि चिलटं! त्यांच्या पायांना व्हिनेगरचे जिवाणू चिकटलेले असतात. उन्हाळ्यात एअरलॉकमधलं पाणी सुकलं का, ते रोज बघा.

गोव्यात काजूच्या बोंडाचा रस बाहेरून यीस्ट न घालता, हवेतल्या आणि बोंडावरच्या जीवांवर सोपवून दोन-तीन दिवसांत आंबवतात, मग उर्राक आणि फेणी गाळतात. तिथे मिश्र आंबवण चालते, किंबहुना चव तिच्यातूनच येते, कारण मधे भट्टी आहे. ती बरंच काही मागे ठेवते. बिअरला भट्टी नाही. बादलीत जे झालं तेच पेल्यात येतं.

काही वाद अजून मिटलेले नाहीत. आठवड्याने बिअर दुसऱ्या भांड्यात काढावी, नाहीतर मेलेल्या यीस्टचा मांसल वास लागतो, असं जुनी पुस्तकं बजावतात. मोठ्या ब्रूअरीतल्या उंच टाक्यांत तळच्या यीस्टवर दाब आणि उष्णता असते, तिथे ते खरं; १९ लिटरच्या बादलीत तीन-चार आठवडे काही होत नाही, उलट काढताना हवा लागते. मी काढत नाही. कोरडं यीस्ट आधी कोमट पाण्यात भिजवावं की थेट टाकावं, यावर दोन्ही बाजूंनी हिरिरीने बोललं जातं. साध्या ताकदीच्या बिअरमध्ये मला फरक जाणवलेला नाही. नॉर्वेच्या पश्चिमेकडच्या शेतकरी घरांत पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं क्वैक नावाचं यीस्ट तर आपले बरेच नियम उलटे करतं: ३५ अंशांना मजेत आंबतं, दोन-तीन दिवसांत संपवतं, आणि ते लाकडी कड्यांवर वाळवून वर्षभर ठेवायची रीत आहे. थंड खोली ज्यांच्याकडे नाही त्यांच्यासाठी ते वरदान. पण त्याच्या यशावरून बाकीच्या यीस्टनाही ऊन सोसतं असा अर्थ काढणारे भेटतात, तेव्हा पुन्हा नेलपॉलिशपाशी गाडी येते.

तेव्हा माझी एवढीच विनंती: बादली मोरीकडे न्यायच्या आधी झाकणाची रिंग चाचपा, बिअरचं तापमान बघा, घनता मोजा, आणि तीन दिवसांनी पुन्हा मोजा. माझी या महिन्यातली बादली दहाव्या दिवशी १.०१२ वर होती, तेराव्या दिवशीही १.०१२. एअरलॉक पाचव्या दिवसापासून गप्प आहे. शनिवारी बाटल्या भरायच्या आहेत.